मुरघासाची पिशवी किती मोठी? शेळ्यांच्या वाड्यातल्या नोंदी

२ जून २०२४

काल रात्री भाच्याचा न्यूझीलंडहून फोन आला. तो तिकडं साउथलंडात दुधाच्या गाईंवर कामाला आहे. त्यांच्या बांधाला लागून हरणांचं फार्म आहे म्हणे. आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, आधी पटेना. आपल्याकडं १९७२च्या वन्यजीव कायद्यामुळं हरीण पाळायचं नावसुद्धा काढता येत नाही. तिकडची गोष्ट वेगळी आहे. तिथलं तांबडं हरीण मुळात युरोपातून नेऊन सोडलेलं. ते जंगलात इतकं वाढलं की सरकारच मारत होतं, आणि १९६९ला कायदा करून पाळायला परवानगी दिली. आता मांसासाठी आणि कोवळ्या शिंगांसाठी कळपच्या कळप पाळतात.

मी कान टवकारले ते वैरणीच्या गोष्टीवर. तिकडं पाऊस सारखा, गवत वाळायला ऊन सापडत नाही. वाळवायला टाकलेलं भिजलं की बुरशी धरतं. म्हणून गवत कापून थोडं सुकवतात, गठ्ठा बांधतात आणि प्लास्टिकमध्ये हवाबंद गुंडाळतात. आत ते आंबतं आणि टिकतं. यालाच आपण मुरघास म्हणतो. हरीण वाळल्या काड्या चघळत बसत नाही, त्याला पाला लागतो, म्हणून त्यांना ही ओली वैरण मानवते.

आमचंही दुखणं तेच, फक्त उलट्या बाजूनं. आमच्या आटपाडी तालुक्यात पाऊस कमी, पण जो पडतो तो नेमका वैरण तयार व्हायच्या वेळेला. मका ऑगस्ट-सप्टेंबरात चिकात येतो तेव्हा वाळवायला ऊन नसतं. गेल्या साली परतीच्या पावसात बाजरीचं सरमाड काळं पडलं. शेळ्यांनी त्याला तोंड लावलं नाही.

फोन ठेवताना भाचा म्हणाला, "मामी, एक ध्यानात ठेव. गठ्ठा फोडला की कळपानं दोन दिवसांत संपवला पाहिजे. नाहीतर गरम होतो." हे वाक्य वहीत लिहून ठेवलं.

५ जून २०२४

हिशेब. मोठ्या शेळ्या ३४, सगळ्या उस्मानाबादी. वजन सरासरी ३२ किलो. शेळीला वजनाच्या साडेतीन टक्के कोरडा भाग (वैरणीतलं पाणी सोडून उरतो तो) धरला तर रोज १ किलो १०० ग्रॅमच्या आसपास. सगळा मुरघासातून द्यायचा नाही. शेळीमागं दीड किलो मुरघास, ४०० ग्रॅम कडब्याची कुट्टी, अर्धा किलो शेवरी-सुबाभळीचा पाला आणि थोडा खुराक, एवढ्यात बसतं.

म्हणजे मुरघास रोज ५१ किलो.

बाजारात मिळतात त्या पिशव्या ५०० किलोच्या आणि टनाच्या. त्या दहा-बारा गाईंच्या गोठ्याला ठीक. गाय दिवसाला १५-२० किलो खाते, पिशवी दोन-तीन दिवसांत रिकामी. माझ्याकडं ५०० किलोची पिशवी दहा दिवस तोंड उघडून बसणार. भाच्याचं वाक्य आणि हा आकडा समोरासमोर ठेवले आणि तेव्हाच मनाशी ठरवलं की ५० किलोच्या पिशव्याही भरून बघायच्या.

२२ जून २०२४

वीस गुंठ्यांत आफ्रिकन टॉल मका पेरला. बी १५ किलो. पावसानं दगा दिला तर टेंभू उपसा सिंचन योजनेच्या पाण्याचं आवर्तन आहे, तो भरवसा मोठा. टेंभूचं पाणी यायच्या आधी या रानात खरिपाचा मका वैरणीसाठी पेरायचं कुणी मनातही आणत नव्हतं.

१८ जुलै २०२४

लष्करी अळी दिसली, पोंग्यात भुसा पडलेला. निंबोळी अर्क मारला, हातानं अळ्या वेचल्या. मोठं औषध मारायचं तर काढणीपर्यंत किती दिवस राहतात ते बघूनच, कारण हे पीक थेट शेळीच्या पोटात जाणार आहे.

४ ऑगस्ट २०२४

नणंदेकडं देवराष्ट्याला जाऊन आलो. सागरेश्वरच्या अभयारण्यातली चितळं-सांबरं रात्री कुंपणाबाहेर येतात, ही त्या भागातली नेहमीची तक्रार. नणंदेच्या बांधाकडच्या चार सऱ्यांत शिरली होती. मी मुद्दाम वाकून बघितलं. पानाचा शेंडा खुडलेला, कोवळा पोंगा ओढून खाल्लेला, आणि खालचा दांडा जसाच्या तसा उभा. गाय अशी खात नाही, ती जीभ गुंडाळून सगळं ओढते. आमच्या शेळ्या मात्र अगदी अशाच खातात. ओठांनी निवडून, आधी पाला, मग वाटलं तर दांडा.

नणंदेचं नुकसान झालं त्याचं वाईट वाटलंच. पण त्या खुडलेल्या शेंड्यांकडं बघताना कळलं की कुट्टी बारीक पाहिजे. दांड्याचा तुकडा मोठा राहिला की शेळी तो बाजूला सारणार आणि मी मुरवलेल्या वैरणीचा तिसरा हिस्सा गव्हाणीत चघळ म्हणून उरणार.

७ सप्टेंबर २०२४

गणपती बसले. मका ७७ दिवसांचा. कणसाचा दाणा नखानं फोडला तर चिक आता पातळ राहिलेला नाही, दह्यासारखा घट्ट होत चाललाय. खालची दोन पानं पिवळी. काढणीची हीच वेळ. पण कुट्टी मशीनवाला गौरी-गणपतीचं माणूस मिळत नाही म्हणतो, १३ तारखेला येतो. घरातही गौरी आहेत, मी तरी कुठं मोकळी होते.

१२ सप्टेंबर २०२४

रात्री पाऊस. सकाळी तवा परीक्षा केली. मक्याचं अख्खं ताट विळीवर बारीक चिरलं, १०० ग्रॅम काट्यावर मोजलं आणि लोखंडी तव्यावर अगदी मंद आचेवर परतत बसले. करपू द्यायचं नाही. दर दहा मिनिटांनी मोजायचं. ६०, ४१, ३२, २८, २७, २७. वजन थांबलं. म्हणजे कोरडा भाग २७ टक्के, पाणी ७३. हवं ६५ ते ७०. मुठीत आवळलं तर बोटांच्या फटीतून पाणी निघत होतं, तेव्हाच शंका आली होती.

एवढं ओलं तसंच भरलं तर खाली पाणी साचून घाण वासाचं आंबतं. पावसाळी हवेत उद्या कापून सुकवत ठेवणं शक्य नाही. मग हिशेब मांडला. शंभर किलो मक्यात पाच किलो कडब्याची कोरडी कुट्टी मिसळली तर कोरडा भाग ३० टक्क्यांवर येतो. जुना कडबा थोडा शिल्लक होताच.

१३ सप्टेंबर २०२४

दिवसभर काम, रात्री साडेनऊला शेवटची पिशवी बांधली.

मशीनची पहिली कुट्टी हातात घेतली तर तुकडे तीन सेंटिमीटरचे, टोकं चेंगरलेली. पात्यांना धार नव्हती. मशीनवाला म्हणाला, "वैनी, समदी जनावरं हेच खात्यात." मी ऐकलं नाही. पाती काढून धार लावून घेतली, पाऊण तास गेला. नंतरची कुट्टी एक ते दीड सेंटिमीटर पडली.

त्याला लहान पिशव्याही पसंत नव्हत्या. त्याची मजुरी टनावर, लहान पिशव्या भरताना मशीन थांबवावं लागतं. शेवटी मोठ्या १० आणि लहान ६० यावर जमलं. म्हणजे पाच टन आणि तीन टन.

मोठी पिशवी भरताना दोघांनी आत उतरून तुडवायची, थरावर थर. लहान पिशवीत पाय मावत नाही, म्हणून घरातला धुमस वापरला. अर्धा फूट कुट्टी, पंधरा ठोके, पुन्हा अर्धा फूट. कडेनं जास्त ठोकायचं, हवा तिथंच अडकते. भरलेली लहान पिशवी ४० सेंटिमीटर रुंद आणि ६५ उंच झाली. हिशेब केला तर घनमीटरला ६०० किलोच्या वर दाब बसला. तुडवलेल्या मोठ्या पिशवीएवढाच.

गूळ किंवा मळी घातली नाही. मक्यात स्वतःची साखर पुरेशी असते. लसूणघासाचा मुरघास करायचा झाला तर लागते, कारण त्यात साखर कमी आणि प्रथिनं जास्त. मीठ घातलं, टनाला पाच किलो.

आतल्या प्लास्टिकचं तोंड पिळून, दुमडून, सायकलच्या जुन्या ट्यूबनं आवळलं. सुतळी सुटते, ट्यूब आकसते.

एक चूक मला तेव्हाच खुपत होती. शेवटच्या चार सऱ्या मजुरांनी जमिनीलगत कापल्या. बुडख्याला चिखल होता. दिवस बुडत आलेला, माणसं दमलेली, मी बोलले नाही.

१५ सप्टेंबर २०२४

पिशव्या फुगल्या. आत्याबाई म्हणाल्या, "सुई मारून हवा काढ, न्हायतर फुटतील." भाच्याला विचारलं. म्हणाला, हात लावू नको. कापलेला मका थोडा वेळ जिवंत असतो, आतली हवा संपेपर्यंत श्वास घेतो, त्यानं आणि पुढं आंबण्यानं वायू तयार होतो. हवा संपली की आंबट करणारे जिवाणू कामाला लागतात. आंबटपणा एका पातळीपर्यंत चढला की तेही थांबतात आणि मग वैरण हलत नाही. भोक पाडलं तर हे सगळं पुन्हा पहिल्यापासून.

१९ सप्टेंबर २०२४

फुगवटा आपोआप बसला. पिशव्या छपरात ओळीनं, खाली लाकडी फळ्या. दोन पिशव्यांना उंदरांनी कुरतडलं होतं, भोकाभोवती पुसून चिकटपट्टी लावली. पट्टी प्लास्टिकवर नीट बसायला जागा कोरडी लागते, ओल्यावर निघून येते.

२८ ऑक्टोबर २०२४

वसुबारस. बरोबर ४५ दिवस झाले. सकाळी गाईची पूजा झाल्यावर आत्याबाईंच्या हातानं पहिली लहान पिशवी सोडली. ट्यूब निघाल्याबरोबर वास आला, ताकात गूळ विरघळवल्यासारखा. रंग हिरवट पिवळा. चाचणीच्या पट्टीवर पीएच ४ च्या जवळ. मूठभर दाबून सोडलं तर गोळा हळूहळू उलगडला, हाताला पाणी नाही.

आत्याबाई महिनाभर म्हणत होत्या, "आंबलेलं कुणी जनावराला घालतंय व्हय गं?" त्यांनीच ओंजळभर घेऊन सगळ्यात म्हाताऱ्या शेळीपुढं धरलं. तिनं हुंगलं, नाक वर केलं, परत हुंगलं. मग ओठांनी एक पान उचललं. नंतर आत्याबाईंचे तळवे चाटून पुसून काढले.

शेळीमागं २०० ग्रॅम, कडब्यात मिसळून. पोटातल्या जिवाणूंना नव्या खाण्याची सवय व्हायला दहा-बारा दिवस द्यायलाच हवेत. तीन महिन्यांच्या आतल्या करडांना अजिबात नाही. म्हणजे पहिले काही दिवस रोज सातच किलो लागणार, मोठी पिशवी आत्ता फोडली असती तर वायाच गेली असती.

१२ नोव्हेंबर २०२४

सगळ्या शेळ्या दीड किलोवर आल्या. पहिली मोठी पिशवी सोडली.

सकाळच्या दुधाला किंचित आंबूस वास येत होता. धार काढायच्या आधी मुरघास टाकत होते, ते चुकलं. आता धार झाल्यावरच. वास गेला.

२१ नोव्हेंबर २०२४

मोठ्या पिशवीत रोज सकाळी थर्मामीटर वीतभर खुपसून बघते. पहिले पाच दिवस २४-२५ अंश. सहाव्या दिवशी २८. आज दहाव्या दिवशी ३४, आणि बाहेर पहाटे चांगली थंडी. वरून बघितलं तर काही कळत नाही, हात घातल्यावर ऊब लागते. कडेला पांढरी बुरशी दोन ठिकाणी. हवा लागली की आधी यीस्ट जागं होतं, ते आंबटपणा खाऊन टाकतं, मग बुरशीला रान मोकळं. खालचं ३० किलो उकिरड्यावर टाकलं.

लहान पिशवी सकाळी सोडली की संध्याकाळी रिकामी, तापायला वेळच नाही.

६ डिसेंबर २०२४

आज लिहायला हात धजत नाही, पण लिहिलंच पाहिजे.

परवा सकाळी चांदी कळपापासून बाजूला उभी होती. मान एकीकडं कललेली, डावा कान पडलेला, तोंडातून लाळ. चालवलं तर डावीकडंच गोल फिरायची. डॉक्टर तासाभरात आले. मुरघास खायला देता का, हा त्यांचा पहिला प्रश्न. खराब मुरघासातून, विशेषतः ज्यात माती गेली आहे आणि ज्याचा आंबटपणा पुरेसा चढलेला नाही त्यातून, लिस्टेरिया नावाचा जिवाणू जातो आणि मेंदूला सूज आणतो. शेळ्या-मेंढ्यांना हा आजार गाईंपेक्षा लवकर पाडतो. त्यांनी लगेच अँटिबायोटिकची मोठी मात्रा सुरू केली. काल संध्याकाळी चांदी गेली. तीन महिन्यांची गाभण होती. माझ्या माहेरून आलेल्या पाठीची, म्हणजे तरण्या शेळीची, ती लेक.

डॉक्टरांनी लक्षणांवरून सांगितलं, तपासणी झालेली नाही. पण मी दुसऱ्या मोठ्या पिशवीच्या तळाशी गेले तेव्हा चिखल लागलेले बुडखे सापडले. शेवटच्या चार सऱ्या. तिथं पट्टीवर पीएच साडेपाच, म्हणजे आंबटपणा कमी. वैरण टाकणाऱ्या पोरानं कडेचा बुरसटलेला गोळा वेगळा न काढता गव्हाणीत टाकला होता. त्याला मी काही बोलले नाही, कारण काय टाकायचं आणि काय फेकायचं हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

आजपासून नियम:

कापणी जमिनीपासून वीतभर वर. बुडखा रानातच राहू दे.

बुरशी दिसली तर तिच्याभोवतीचा हातभर भाग फेकायचा. नुसती बुरशी खरवडून काढून चालत नाही.

गाभण शेळ्यांना फक्त लहान पिशवीतला, त्याच दिवशी सोडलेला.

शेळी गाभडली, म्हणजे तिचा गर्भ पडला, तर उघड्या हातानं काही उचलायचं नाही, आणि घरातल्या गरोदर बाईनं तिकडं जायचंच नाही. हा जिवाणू माणसालाही सोडत नाही.

१४ जानेवारी २०२५

संक्रांत. नवीन कुणी आजारी नाही. सहा शेळ्या व्याल्या, अकरा करडं, सगळी अंगावर पितात.

चघळ मोजली. दीड सेंटिमीटरच्या कुट्टीत ५१ किलोमागं दीड-दोन किलो उरतं. धार लावायच्या आधीची तीन सेंटिमीटरची कुट्टी एका पिशवीत वेगळी ठेवली होती, ती टाकली त्या दिवशी अकरा किलो उरलं, सगळे दांड्याचे तुकडे. देवराष्ट्याच्या त्या सऱ्या डोळ्यापुढं आल्या.

भाच्याला हे सांगितलं. तो म्हणाला, शेजारचा हरीणवाला गवत फुलोऱ्यात यायच्या आधीच कापतो, उशीर झाला की काड्या उरतात. तिकडं नोव्हेंबर-डिसेंबरात माद्या वितात आणि पाडसं अंगावर असेपर्यंत चारा उत्तम लागतो. मार्च-एप्रिलमध्ये नर माजावर आले की खाणंच सोडतात, वजन उतरतं. त्यामुळं कुठल्या महिन्यात कसला गठ्ठा फोडायचा हे आधीच ठरलेलं असतं. मी हे पिशव्यांना लावून बघणार आहे.

१० फेब्रुवारी २०२५

मोठ्या पिशव्या थंडी असेपर्यंत संपवायच्या, लहान उन्हाळ्यासाठी राखायच्या, असं ठरवून चालले आहे. आठ मोठ्या संपल्या. थंडीत दहा दिवसांच्या पिशवीत शेवटचे दोन-तीन दिवस धोक्याचे. त्या दिवसांत गाभण नसलेल्या शेळ्यांना आणि बोकडांना, नीट निवडून.

५ मार्च २०२५

ऊन वाढलं. मुद्दाम एक मोठी पिशवी सोडून बघितली. तिसऱ्याच दिवशी आत ३९ अंश, पाचव्या दिवशी वास तंबाखूसारखा, रंग तपकिरी. शेळ्यांनी हुंगून सोडला. शेजारच्या वस्तीवर दहा म्हशी आहेत, उरलेली दहावी त्यांना दिली. त्यांची दोन दिवसांत संपली आणि अजिबात तापली नाही. तेवढी मोठी पिशवी त्यांनाच शोभते.

३० मार्च २०२५

पाडवा. चाळीस लहान पिशव्या शिल्लक. गावात बोअर आटायला लागले, वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, ट्रॉलीनं यायला लागले. नुसत्या वाढ्यांवर शेळी ठेवली तर त्यातलं ऑक्झॅलेट अंगातलं कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणून वाढ्यांबरोबर खनिज मिश्रण लागतंच. यंदा मला वाढ्यांची गरज पडलेली नाही. २०१८-१९ला चारा छावणीत दावणीला दावं लावून बसलेल्या बायकांत मीही होते. तेव्हा नुसती वाढे आणि ट्रॉलीची वाट.

१२ एप्रिल २०२५

आज बाहेर ४० अंश. सकाळी सातला पिशवी सोडली, सात ते आठ अर्धी, चार वाजता उरलेली. मधल्या वेळात तोंड पिळून सावलीत ओल्या गोणपाटाखाली. चार वाजता आत ३१ अंश, वास सकाळचाच.

आत्याबाई आता स्वतःच पिशव्या सोडतात. ट्यूब काढण्याआधी चहूबाजूनं हात फिरवून भोक शोधतात, सापडलं तर ती पिशवी बाजूला.

पुढच्या हंगामाची मागणी आजच सांगून ठेवली. लहान पिशव्या १२०, मोठ्या चारच, त्याही नोव्हेंबर-डिसेंबरसाठी. आतलं प्लास्टिक या वेळी जाड. यंदाचं ज्या दुकानातून आणलं ते इतकं पातळ होतं की बांधतानाच चार पिशव्यांचं फाटलं. मशीनवाल्याला टनाऐवजी दिवसाचा रोज कबूल केला, म्हणजे लहान पिशव्यांना तो कुरकुर करणार नाही. पाती आदल्या दिवशीच धार लावून आणायची अट घातली.

धुमसाचा दांडा ढिला झालाय. उद्या सुताराकडं.